सोंगटीचं घर, माणसाचं घर: गटांमधली फारकत भौतिकशास्त्राच्या मॉडेलने कशी तपासायची

बुद्धिबळाचा पट, मूठभर राजमा आणि मूठभर काबुली चणे. सुरुवातीला एवढंच सामान लागतं. संगणक लागेल तो तिसऱ्या पायरीला, आणि त्याआधी हाताने एक डाव खेळल्याशिवाय संगणकाकडे वळू नका, असं माझं स्वच्छ मत आहे. प्रोग्रॅम लिहिताना होणाऱ्या निम्म्या चुका पटावर बोटाने सोंगटी सरकवतानाच लक्षात येतात.

प्रश्न साधा आहे. एका शहरात दोन गट राहतात आणि मोकळ्या घरांवर दोघांचाही डोळा आहे. कुणाला कुणाचा द्वेष नाही. प्रत्येकाची अपेक्षा एवढीच, की शेजारपाजारात एक तृतीयांशाहून थोडी जास्त आपली माणसं असावीत. उरलेले जवळपास दोन तृतीयांश दुसरे असले तरी चालतील. असं शहर शेवटी कसं दिसेल? बहुतेकांचं उत्तर असतं, मिसळलेलं. पटावर मात्र राजमा एकीकडे आणि चणे दुसरीकडे झालेले दिसतात.

हा खेळ थॉमस शेलिंग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६९ आणि १९७१ च्या लेखांतून मांडला. त्याने तो चक्क नाणी सरकवून खेळला होता. पुढे २००५ साली त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि मॉडेलला त्याचंच नाव चिकटलं. पण शेलिंगचा १९७१ चा लेख ज्या नियतकालिकात आला, त्याच्या त्याच पहिल्या खंडात जेम्स साकोडा या मानसशास्त्रज्ञाचाही पटावरच्या सोंगट्यांचा लेख होता आणि त्याच्या कल्पनेचं मूळ १९४९ च्या प्रबंधात होतं. साकोडा मागे पडला. त्याच्याकडे आपण शेवटी परत येणार आहोत, कारण त्याला हा विषय कुठे सुचला हे या मॉडेलच्या मर्यादा समजून घ्यायला फार उपयोगी आहे.

पायरी १: पट मांडा

पटावरच्या चौकोनाला मराठीत घर म्हणतात. या कामात ते फारच सोयीचं आहे.

चौसष्ट घरांतली चार कोपऱ्यांची घरं रिकामी ठेवा. उरलेल्या साठ घरांत एक राजमा, एक चणा असं आळीपाळीने भरा: पांढऱ्या घरात चणा, काळ्या घरात राजमा. आता नियम. घराला लागून असलेली आठही घरं, आडवी, उभी आणि तिरपी, म्हणजे शेजार. त्यांतली रिकामी घरं मोजायची नाहीत. एक किंवा दोन शेजारी असतील तर निदान एक आपला हवा. तीन ते पाच असतील तर दोन. सहा ते आठ असतील तर तीन. एवढं जमलं की सोंगटी खूश. या किमान अपेक्षेला आपण उंबरठा म्हणू, घराच्या गोष्टीत तो शब्द शोभतोही.

आत्ताचा पट तपासा. मधल्या कुठल्याही राजम्याला चारही तिरप्या घरांत राजमा आणि चारही सरळ घरांत चणे आहेत. आठांत चार आपले, खूश. कडेच्या सोंगटीला पाच शेजारी, त्यांत दोन आपले, तीही खूश. रिकाम्या कोपऱ्याला लागून असलेल्यांचा एक शेजारी कमी होतो, पण त्यांचंही भागतं. कोपरे रिकामे का ठेवले? कोपऱ्यात सोंगटी असती तर तिला तीनच शेजारी मिळाले असते, दोन सरळ परके आणि एक तिरपा आपला. तीनात एक, हवे दोन. सुरुवातीलाच नाराजी. कोपरे सोडले की पट पूर्ण मिसळलेला आणि सगळेच्या सगळे समाधानी. ही स्थिती नीट पाहून ठेवा: पूर्ण मिसळलेलं आणि पूर्ण समाधानी शहर शक्य आहे. ते फक्त टिकत नाही.

पायरी २: एक धक्का द्या आणि पाहा

डोळे मिटून वीस सोंगट्या उचला. मग कुठल्याही पाच रिकाम्या घरांत, नाणं उडवून ठरेल त्याप्रमाणे, राजमा किंवा चणा ठेवा. पटावर आता पंचेचाळीस सोंगट्या आहेत. (ही मांडणी शेलिंगचीच.)

आता एखादी नाराज सोंगटी शोधा. समजा मधल्या एका राजम्याच्या तिरप्या शेजाऱ्यांपैकी तिघं उचलले गेले. त्याला उरले पाच शेजारी, त्यांत एकच आपला. हवे होते दोन. त्याला उचलून जिथे तो खूश होईल अशा सगळ्यात जवळच्या रिकाम्या घरात ठेवा. आणि इथे थांबून दोन्ही घरांकडे पाहा. जुन्या घराशेजारच्या राजम्याचा एक 'आपला' कमी झाला. तो कालपर्यंत काठावर होता, आज नाराज आहे. नव्या घराशेजारच्या चण्याला एक परका वाढला. तोही आता निघणार. एकाच्या बिऱ्हाड हलवण्याने दोघांचं गणित बिघडलं आणि यांतल्या कुणालाही कुणाला हाकलायचं नव्हतं.

कुणीच नाराज उरत नाही तोवर चालू ठेवा. अर्धा तास पुरतो. सुरुवातीला आणि शेवटी एक आकडा काढा: प्रत्येक सोंगटीच्या शेजाऱ्यांपैकी किती टक्के आपले, याची सगळ्या सोंगट्यांवरची सरासरी. सुरुवातीला ती पन्नासच्या आसपास असते. शेवटी अपेक्षेपेक्षा, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा, पुष्कळ वर गेलेली असते. हा खेळ घरातल्या मुलांबरोबर खेळलात तर एक सूचना: ती 'जवळचं घर' ऐवजी 'सगळ्यात छान घर' निवडू लागतात. निवडू द्या. नियमातला तेवढा फरक शेवटचं चित्र कसं बदलतो, हाही प्रयोगच आहे.

पायरी ३: संगणकावर न्या

प्रोग्रॅमिंग येत नसेल तर नेटलोगो हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्याच्या मॉडेल लायब्ररीत समाजशास्त्राच्या कप्प्यात सेग्रिगेशन नावाचं तयार मॉडेल आहे. त्यात ३० टक्क्यांची अपेक्षा ठेवून सुरू केलं की सरासरी सारखेपणा सत्तर टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतो. स्लायडर हलवून तासभर खेळायला ते उत्तम. पण अभ्यास करायचा असेल तर मॉडेल स्वतः लिहा. पायथनमध्ये ते शंभर ओळींच्या आत बसतं.

पट ५० गुणिले ५०, म्हणजे २५०० घरं. त्यांतली २५० रिकामी, उरलेल्यांत ११२५ राजमा आणि ११२५ चणे. राजम्याला अधिक एक, चण्याला उणे एक, रिकाम्या घराला शून्य, अशा संख्या सारणीत भरा आणि फेटून टाका. मग एक सोंगटी सोडतीने निवडा. ती खूश असेल तर सोडून द्या. नसेल तर सोडतीनेच एक रिकामं घर निवडा. तिथे ती खूश होणार असेल तर हलवा, नाहीतर आहे तिथेच राहू द्या. असे २५०० प्रयत्न झाले की एक फेरी पूर्ण. सगळ्या नाराज सोंगट्या एकाच वेळी हलवायचा मोह होतो. हलवलंत तर दोन सोंगट्या एकाच घरावर हक्क सांगतील आणि भांडण तुम्हाला सोडवावं लागेल. एकेक करूनच हलवा.

कडांचा प्रश्न उरतो. कडेच्या सोंगटीला कमी शेजारी मिळतात, म्हणून डावी कडा उजवीला जोडतात, म्हणजे पटाची नळी होते. मग वरची कडा खालच्या कडेला, म्हणजे नळीचा मेदूवडा होतो. मेदूवड्याला कोपरे नसतात, सगळ्यांना आठच शेजारी. पायथनमध्ये इथे एक खोड आहे: उणे एक क्रमांकाचं घर मागितलं की तो निमूटपणे शेवटचं घर काढून देतो, पण पन्नास क्रमांकाचं मागितलं की अंगावर येतो. त्यामुळे लोक एकाच बाजूची दुरुस्ती करतात आणि गोंधळ होतो. दोन्ही दिशांना पन्नासने भागून बाकी घ्या, विषय संपला.

माझी स्वतःची चूक याहून खोडकर होती. नवं रिकामं घर जुन्या घराला लागूनच असेल, तर नव्या घराचे शेजारी मोजताना मी जुन्या घरात बसलेली तीच सोंगटी 'आपला शेजारी' म्हणून मोजत होतो. परिणाम असा, की सोंगट्यांना एक घर सरकणं विनाकारण आवडू लागलं. आलेख छान दिसत होते. दोन संध्याकाळी मी त्यावर सिद्धांतही रचला. शेवटी सहा गुणिले सहाचा पट छापून हाताने मोजला तेव्हा उघड झालं. तेव्हापासून नियम केला आहे: मोजण्याआधी सोंगटी उचलायची, घर शून्य करायचं, मग शेजार मोजायचा.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवून वहीत लिहा: ज्याला एकही शेजारी नाही तो खूश की नाराज? रिकामी घरं थोडी असताना फरक पडत नाही, निम्मा पट रिकामा असेल तर सगळं चित्र यावर ठरतं.

उंबरठा ०.१ पासून ०.९ पर्यंत वाढवत न्या. फार कमी असेल तर पट मिसळलेलाच राहतो, कारण हलायची गरजच नाही. मधल्या पट्ट्यात गुच्छ होतात. आणि ०.७५ च्या पुढे पुन्हा मिसळलेला! सगळे नाराज, पण कुणालाच मनाजोगतं घर मिळत नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं प्रोग्रॅम बिघडला. बिघडलेला नसतो. जास्त कडवा समाज जास्त फुटलेला दिसेलच असं नाही; तो नुसता अडकून पडलेलाही असू शकतो.

पायरी ४: डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मोजा

रंगीत पट पाहून 'किती फुटलंय बघा' म्हणणं सोपं आहे. पण माणसाचा डोळा यादृच्छिक ठिपक्यांतही गुच्छ शोधतो. या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

शहरांच्या अभ्यासात दोन मापं सर्रास वापरतात. समजा चार प्रभाग आहेत, प्रत्येकात शंभर माणसं. राजमा गटाची माणसं अनुक्रमे ९०, ६०, ३० आणि २०, म्हणजे एकूण २००. चणे गटाची १०, ४०, ७० आणि ८०, तीही २००.

पहिलं माप विलगतांक. प्रश्न असा: राजमा गटातल्या सरासरी माणसाला आपल्या प्रभागात आपलीच माणसं किती टक्के दिसतात? पहिल्या प्रभागातल्या नव्वद जणांना ९० टक्के दिसतात, दुसऱ्यातल्या साठ जणांना ६० टक्के, वगैरे. म्हणजे ९० गुणिले ०.९, अधिक ६० गुणिले ०.६, अधिक ३० गुणिले ०.३, अधिक २० गुणिले ०.२. बेरीज १३०, भागिले २००, उत्तर ०.६५. पूर्ण मिसळलेल्या शहरात हेच ०.५ आलं असतं.

दुसरं माप डिसिमिलॅरिटी निर्देशांक, अमेरिकेत १९५५ पासून फार चालतं. प्रत्येक प्रभागात दोन गटांच्या वाट्यांतला फरक घ्यायचा, चिन्ह सोडून द्यायचं, बेरीज करून निम्मी करायची. इथे फरक ८०, २०, ४०, ६०. प्रत्येकाला २०० ने भागून बेरीज येते १, निम्मी ०.५. अर्थ असा, की सगळीकडे प्रमाण सारखं व्हायला एका गटाच्या निम्म्या लोकांना प्रभाग बदलावा लागेल.

दोन्ही मापं वेगळं बोलतात आणि विलगतेचा अभ्यास असेल तर मी पहिल्याकडे झुकतो, कारण ते माणसाच्या अनुभवाबद्दल आहे. मात्र त्यात एक सापळा आहे. गट शहराच्या दहा टक्केच असेल तर विलगतांक ०.३ आला तरी तो 'कमी' नसतो. मिसळलेल्या शहराच्या तो तिप्पट आहे. म्हणून विलगतांकातून गटाचा शहरातला वाटा वजा करा आणि एक वजा तो वाटा याने भागा. आपल्या उदाहरणात ०.१५ भागिले ०.५, म्हणजे ०.३. दहा टक्क्यांच्या गटाचं ०.२ भागिले ०.९, म्हणजे सुमारे ०.२२. आता तुलना करता येते.

याहून मोठा सापळा तुकड्याच्या आकाराचा. समजा दोन सारखे गट चार-चार माणसांच्या इमारतींत निव्वळ चिठ्ठ्या टाकून वाटले. भेदभाव शून्य. तरी कुठे तीन-एक पडतील, कुठे चारही एकाच गटाचे. हिशेब केला तर डिसिमिलॅरिटी निर्देशांक सरासरी ०.३७५ येतो! काहीही न घडता. तुकडे दहा हजार माणसांचे असतील तर हाच यादृच्छिक आकडा जवळपास शून्य होतो. म्हणून निर्देशांक नुसता कधीच सांगू नये. तोच पट, तेच गट, फक्त जागा फेटून, दोनशे वेळा तोच आकडा काढा. तुमचा आकडा त्या दोनशेंच्या पसाऱ्याबाहेर किती आहे हे सांगा. खऱ्या वस्तीची आकडेवारी असेल तर माणसं सुटी फेटू नका, कुटुंबं फेटा. बिऱ्हाड एकत्र हलतं.

५० गुणिले ५० च्या पटावर ५, १० आणि २५ घरांच्या बाजूचे तुकडे पाडून तिन्ही वेळा विलगतांक काढा. गुच्छ लहान असतील तर मोठ्या तुकड्यांत ते दिसेनासे होतात. गल्ली-गल्लीत फारकत आणि प्रभागाच्या पातळीवर सगळं आलबेल, असं शहर कागदावर मिसळलेलं ठरतं.

पायरी ५: तापमान आणा

आता खरं भौतिकशास्त्र. १९२० मध्ये विल्हेल्म लेंझने चुंबकाचं एक सोपं मॉडेल सुचवलं आणि त्याच्या विद्यार्थ्याने, एर्न्स्ट ईझिंगने, त्यावर प्रबंध केला. तो निबंध १९२५ मध्ये छापून आला. आपल्याकडे बरेच जण त्याला आयसिंग मॉडेल म्हणतात. प्रत्येक घरात वर किंवा खाली तोंड केलेला लहानसा चुंबक. शेजारी सारखे असतील तर ऊर्जा एकने कमी, वेगळे असतील तर एकने जास्त. राजमा-चणे आणि हे चुंबक यांचं नातं सांगायला नको. फरक एका गोष्टीचा: इथे तापमान आहे.

तापमान म्हणजे आवडीनिवडीशी संबंध नसलेली उलथापालथ. बदली झाली, लग्न झालं, भाडं वाढलं, इमारत पाडली. माणूस हलला, पण 'आपल्या' लोकांत जायला म्हणून नाही. नियम १९५३ पासूनचा, मेट्रोपोलिसच्या नावाचा: हलण्याने ऊर्जा कमी होत असेल तर हलवा, वाढत असेल तर ई या संख्येचा उणे (वाढ भागिले तापमान) इतका घात काढा आणि तेवढ्या शक्यतेने हलवा.

एकच सोंगटी घेऊ. राजमा आत्ता जिथे आहे तिथे तीन आपले, दोन परके. हिशेब अधिक एक. सोडतीत निघालेल्या घराशेजारी दोन आपले, चार परके. हिशेब उणे दोन. गेला तर ऊर्जा तीनने वाढणार. तापमान १ असेल तर जायची शक्यता ०.०५, म्हणजे वीसातून एकदा. तापमान ३ असेल तर ०.३७, म्हणजे तीनातून एकदा तरी. तोच माणूस, तीच आवड, पण शहर किती हलतं त्यावर वागणं ठरलं.

प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे तपासायची सोय भौतिकशास्त्रात आयती आहे. शेलिंगच्या मॉडेलमध्ये ती नव्हती, आणि मला तर याच एका कारणासाठी हे रूप जास्त आवडतं. सगळी घरं भरा, शेजारी चारच धरा, तिरपे सोडा, आणि दोन वेगळ्या सोंगट्यांची अदलाबदल करत राहा. या अदलाबदलीच्या पद्धतीला कावासाकीचं नाव आहे. लार्स ऑन्सागरने १९४४ मध्ये हा पट कागदावर पूर्ण सोडवला: २.२६९ या तापमानाखाली गुच्छ होतात, वर विरघळतात, आणि नेमक्या त्या तापमानाला प्रत्येक घरामागे ऊर्जा उणे १.४१ असते. तुमचा आकडा याच्या आसपास आला, पट लहान असल्याने किंचित इकडेतिकडे, तर पुढे जा. उणे दोनच्या खाली गेला तर कुठेतरी शेजारी दोनदा मोजताय.

मग आठ शेजारी आणि रिकामी घरं परत आणा. आठ शेजारी घेतले की वितळण्याचं तापमान वर जातं, म्हणून २.२६९ च्या भोवती घुटमळू नका; १ ते १० पर्यंत अर्ध्या-अर्ध्याने जा. प्रत्येक तापमानाला पहिल्या हजार फेऱ्या फेकून द्या, पुढच्या हजारांत दर दहा फेऱ्यांनी विलगतांक नोंदवा, आणि हे सगळं निदान वीस वेगवेगळ्या सोडतींनी करा. एका सोडतीचा आलेख म्हणजे एका माणसाची मुलाखत.

इथे एक बारकावा आहे जो भौतिकशास्त्रातून येणारे विसरतात. चुंबकाचा पट सगळ्यांची मिळून ऊर्जा कमी करतो, शेलिंगची सोंगटी मात्र फक्त स्वतःचं बघते. समाधान जर 'आपले वजा परके' असं सरळ मोजलं, तर दोन्ही एकच ठरतात: सोंगटीचा वैयक्तिक फायदा आणि पटाची घटलेली ऊर्जा तंतोतंत सारखी. उंबरठा लावला की हे नातं तुटतं. मग प्रत्येक जण आपापलं भलं करत असताना सगळे मिळून वाईट स्थितीत जाऊ शकतात. ग्रोवँ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमकं हेच गणिताने दाखवलं. त्याआधी २००६ मध्ये विन्कोविच आणि किर्मन यांनी गुच्छांच्या कडांची तुलना द्रवाच्या पृष्ठताणाशी केली होती: नाराज लोक सीमेवर असतात, आणि सीमा आखूड करत राहणं हाच सगळा खेळ. पटावर नाराज सोंगट्यांना वेगळा रंग द्या, लगेच दिसेल.

मतांच्या गटांसाठी, म्हणजे जिथे माणूस घर नाही तर मत बदलतो तिथे, हलवण्याऐवजी सोंगटीचं चिन्ह उलटवा. बाकी यंत्रणा तीच. त्यात मी खोलात जात नाही.

पायरी ६: खऱ्या आकड्यांपाशी

भारतात सहज मिळणारी सामग्री म्हणजे २०११ च्या जनगणनेचा प्राथमिक गोषवारा. त्यात शहरांच्या प्रभागनिहाय एकूण लोकसंख्या, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांचे आकडे असतात. धर्माचे आकडे प्रभागापर्यंत उतरत नाहीत, शहरापाशी थांबतात; इतर जातींचे तर नाहीतच. पुणे, नागपूर, नाशिक, कुठलंही शहर घ्या, तीन रकाने स्प्रेडशीटमध्ये टाका आणि चौथ्या पायरीतली दोन्ही मापं काढा. तासाभराचं काम आहे.

त्रिना विथायथिल आणि गायत्री सिंग यांनी देशातल्या सात सर्वांत मोठ्या महानगरांच्या २००१ च्या प्रभागांवर हेच काम करून २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. आर्थिक स्थितीनुसार जितकी फारकत आहे त्याहून जातीनुसार बरीच जास्त आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पण तुकड्याच्या आकाराचा सापळा आठवा: प्रभागात हजारो घरं असतात, आणि आतली गल्ली-गल्लीची फारकत त्या आकड्यात बुडून जाते. म्हणून पुढच्या संशोधकांनी प्रगणन गटांपर्यंत, म्हणजे एक प्रगणक मोजतो तेवढ्या वस्तीपर्यंत, जायचा आग्रह धरला. तुम्ही स्वतःच्या भागात पाहणी केलीत तर गल्लीवार याद्या कुणालाही देऊ नका, निर्देशांक तेवढे सांगा.

आणि मॉडेलचे आकडे शहराच्या आकड्यांशी जुळले म्हणून 'लोकांच्या सौम्य आवडीमुळेच असं झालं' असं लिहू नका. गावकुसाबाहेरची वस्ती एक तृतीयांशाच्या उंबरठ्यातून आलेली नाही. शिकागोसारख्या शहरांत घरांच्या कागदपत्रांतच कृष्णवर्णीयांना विक्रीला मनाई असे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणायला नकार दिला आणि घरांच्या व्यवहारातला भेदभाव रोखणारा कायदा यायला १९६८ उजाडलं. सौम्य आवड पुरेशी असते, एवढंच मॉडेल सांगतं. तीच कारणीभूत होती, असं ते म्हणत नाही.

पायरी ७: बंदी घाला, मग उठवा

आता साकोडा. जेम्स साकोडा अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचा विद्यार्थी होता. १९४२ मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने तिथल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यांत तोही होता. तो ट्युली लेकच्या छावणीत होता, नंतर आयडाहोतल्या मिनिडोकात. तिथेच राहून त्याने संशोधक म्हणून छावणीतल्या गटांचं वागणं टिपलं, आणि पटाची कल्पना त्या प्रबंधातून आली. ईझिंगचं पाहा: तो ज्यू होता, १९३३ मध्ये नाझी जर्मनीत त्याला सरकारी शाळेतली नोकरी गमवावी लागली, मग तो पॉट्सडॅमजवळ ज्यू मुलांच्या निवासी शाळेत शिकवू लागला, १९३८ मध्ये तीही उद्ध्वस्त केली गेली. फारकतीच्या अभ्यासात आपण ज्यांचे पट वापरतो, त्यांतल्या दोघांना वेगळं काढलं होतं ते कायद्याने. त्यांच्या शेजाऱ्यांचा उंबरठा किती होता, हा प्रश्नच तिथे नव्हता.

म्हणून बंदी मॉडेलमध्ये घाला. पटाचे पंचवीस स्तंभ फक्त राजम्याचे, उरलेले पंचवीस फक्त चण्याचे. उंबरठा शून्य, म्हणजे कुणाला शेजाऱ्याचं काही नाही. विलगतांक काढा: जवळपास एक. सौम्य आवडीच्या पटावर गुच्छ पुरेसे मोठे झाले तर तिथला विलगतांकही बराच वर जातो. आकड्यावरून कारण ओळखता येत नाही.

आता बंदी उठवा. फेऱ्या चालवा. काहीही होत नाही! उंबरठा शून्य आहे, कुणी नाराज नाही, म्हणून कुणी हलत नाही. पट जसाच्या तसा. शंभर फेऱ्यांनी येऊन कुणी पाहिलं तर म्हणेल, इथे लोकांना आपापल्यातच राहायला आवडतं.

तर थोडं तापमान द्या. प्रत्येक फेरीत एक टक्का सोंगट्या, कारण न विचारता, सोडतीने निघालेल्या रिकाम्या घरात जाऊ द्या. शंभर फेऱ्यांनंतरही ३७ टक्के सोंगट्या एकदाही हललेल्या नसतात, ०.९९ चा शंभरावा घात करून पाहा. तरी विलगतांक सावकाश खाली येऊ लागतो. मग हीच चाल उंबरठा एक तृतीयांश ठेवून करा. पलीकडे पडलेली सोंगटी नाराज होते आणि परत फिरते. रेषा थोडी खाली येते आणि वरच अडते.

दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढा, आडव्या अक्षावर फेऱ्या, उभ्यावर विलगतांक, सुरुवात एकाच बिंदूतून. तिसरी रेषा हवी असेल तर बंदी अर्धवट उठवा: दहातल्या नऊ वेळा 'घर भाड्याने गेलं' असं उत्तर द्या, एकदा आत येऊ द्या. उंबरठा शून्यच ठेवा. बहुतेक सोंगट्यांना सीमेवरूनच मागे फिरावं लागतं, म्हणून पहिल्या काही शे फेऱ्यांत ही रेषा उंबरठ्याच्या रेषेजवळून चालते आणि खाली उतरते ती फार नंतर. निदान दोन हजार फेऱ्या चालवा, वीस सोडती घ्या, आणि लॅपटॉप रात्री चार्जरला लावून झोपा.